ऑनलाइन एमबीए कुठून करावं? एका एचआरवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय ३१. डिप्लोमा करून नोकरीला लागले, मग नोकरी सांभाळत बी.ई. पूर्ण केलं. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत, हातात ४२ हजार येतात. घरी बायको, तीन वर्षांची मुलगी आणि मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता. साहेब म्हणाले, ‘असिस्टंट मॅनेजर व्हायचं तर एमबीए असलेलं बरं.’ तेव्हापासून एका काउन्सेलरचा रोज फोन येतोय: फी १ लाख ८० हजार, महिना ७,५०० रुपयांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’, एकरकमी भरलं तर १ लाख ६० हजार, आणि सीट पाचच उरल्यात. विचारणं असं की, परवडेल आणि नावही असेल असं ऑनलाइन एमबीए कोणतं? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याला ते झेपेल का?

आधी त्या काउन्सेलरचा फोन उचलणं बंद करा. ऑनलाइन कोर्सला वर्गखोली नसते, बाक नसतात, तर पाच सीट कुठून उरतील? तो मुलगा वाईट नाही, त्याला महिन्याचं टार्गेट आहे. पण तुमचा निर्णय त्याच्या महिनाअखेरीशी बांधायचं कारण नाही.

मी भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात २२ वर्षं एचआरमध्ये आहे. लोकांच्या पदव्या तपासणं हा माझ्या कामाचाच भाग. आणि दूरस्थ पद्धतीनं एमबीए मी स्वतः दोनदा केलंय, कारण पहिलं वाया गेलं. ते पुढे सांगतो.

कोणतं एमबीए, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, ही पदवी वाचणार कोण? तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: तुमचीच कंपनी. प्रमोशनच्या वेळी एचआरच्या फॉर्मवर ‘पदव्युत्तर शिक्षण’ असा एक रकाना असतो. तिथे काहीतरी मान्य असं लिहिलेलं लागतं, म्हणजे फाइल पुढे सरकते. प्रमोशन मिळतं ते तुम्ही कस्टमर ऑडिट कसं हाताळलं आणि लाइन रिजेक्शन किती खाली आणलं यावर. त्या रकान्यात कोणत्या विद्यापीठाचं नाव आहे हे बघून कमिटीत कोणी भुवई उंचावल्याचं मला आठवत नाही. मान्यता नसेल तर मात्र फाइल तिथेच अडते. तुम्हाला या कुलपाची किल्ली हवी आहे. पितळेची असली काय नि चांदीची असली काय, कुलूप उघडलं म्हणजे झालं.

नोकरी बदलायची असेल तर वाचणारा वेगळा. तिथे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाली एजन्सी तुमच्या पदवीची प्रत विद्यापीठाला पाठवते, फी भरते आणि उत्तराची वाट बघते. हुद्दा, पगार, कौशल्य यातलं काहीही त्या एजन्सीला दिसत नाही. ‘ही पदवी तुम्हीच दिली का, कोणत्या वर्षी, कोणत्या पद्धतीनं?’ एवढंच ती विचारते. विद्यापीठाचा परीक्षा विभाग उत्तर देतो की नाही, यावर तुमची जॉइनिंग अडू शकते. आणि ज्यांना मार्केटिंगमधून कन्सल्टिंगमध्ये उडी मारायची आहे, कॅम्पसमधून मोठ्या पॅकेजला लागायचं आहे, त्यांनी ऐका: ऑनलाइन एमबीए ते काम करत नाही, मग ते दोन लाखांचं असो की वीस हजारांचं. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे बहुतेक वेळा एक जॉब पोर्टल आणि बायोडाटा लिहायचा एक तासाचा वर्ग.

आता मान्यतेचं. इथे थोडा वेळ देतो, कारण पैसे बुडतात ते इथेच.

आपल्याकडे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाला परवानगी देतो तो यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, म्हणजे डीईबी. २०१३ पर्यंत हे काम इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) अखत्यारीतलं डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल करत असे. सध्या चालतात ते सप्टेंबर २०२० मध्ये निघालेले यूजीसीचे नियम. या नियमांप्रमाणे मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये यूजीसीनं पत्रक काढून हे पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा ‘ऑनलाइनला व्हॅल्यू नसते’ असं कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

पण एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ही परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. जानेवारी-फेब्रुवारीचं एक सत्र, जुलै-ऑगस्टचं दुसरं. एखाद्या विद्यापीठाला ऑनलाइन बी.कॉम.ची परवानगी आहे म्हणून एमबीएची असेलच असं नाही, आणि गेल्या सत्रात होती म्हणून या सत्रात असेलच असंही नाही. नावाजलेल्या विद्यापीठांनाही मध्येच एखाद्या सत्रापुरती बंदी झालेली आहे. म्हणून डीईबीच्या संकेतस्थळावर तुमच्या सत्राची यादी उघडायची, विद्यापीठाचं नाव शोधायचं, त्याच्यापुढे ‘एमबीए’ हा शब्द आणि ‘ऑनलाइन’ की ‘ओडीएल’ (म्हणजे दूरस्थ) हे बघायचं, आणि त्या पानाची पीडीएफ तारखेसकट जपून ठेवायची. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर तोच कागद कामाला येतो. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो. हे दोन्ही स्वतःच्या हातानं काढा. ‘सर, ओटीपी सांगा, मी करून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

आणखी एक. या नियमांप्रमाणे गुणपत्रिकेच्या आणि पदवीच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि उत्तीर्ण होण्याची तारीख, परीक्षा केंद्राचं नाव हे सगळं छापलेलं असायला हवं. आमच्या ऑफिसात पदवी आली की मी आधी ती उलटी करतो. पुढची बाजू सगळ्यांचीच देखणी असते. ‘पदवीवर ऑनलाइन असं लिहून येणार नाही’ असं काउन्सेलर मोठ्या अभिमानानं सांगत असेल, तर तो अर्धंच बोलतोय. पुढे नसेल, मागे असतं. आणि ते असलेलंच चांगलं. लपवाछपवीनं सुरू झालेली पदवी पुढे प्रत्येक मुलाखतीत पोटात गोळा आणते.

माझी गोष्ट इथलीच. २००५ साली पिंपरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून गेलं की एक ‘स्टडी सेंटर’ होतं. विद्यापीठ परराज्यातलं, नाव भारदस्त. मी ३२ हजार भरले, तेव्हाचे जवळजवळ तीन पगार. पेपर त्याच खोलीत झाले, पर्यवेक्षक म्हणजे तो दुकानदारच. सोनेरी शिक्क्याची पदवी आली, आईनं देवापुढे ठेवली. २००९ मध्ये मला एका चांगल्या कंपनीची ऑफर आली. एजन्सीनं विद्यापीठाला दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. अहवालात शेरा पडला: ‘पडताळणी होऊ शकली नाही.’ मला कोणी खोटारडा म्हणालं नाही, फक्त पदवीधराच्या ग्रेडवर घेतलं. फरक महिन्याला चार हजारांचा. मी परत गेलो तेव्हा त्या जिन्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. नंतर एका सरकारी मुक्त विद्यापीठातून तीन वर्षं घासून पुन्हा एमबीए केलं. तेव्हापासून कोणी ‘स्टडी सेंटर’, ‘ऑथराइज्ड पार्टनर’ असं म्हणालं की मी खुर्चीत सरळ बसतो.

आजचा झेरॉक्सचा दुकानदार म्हणजे ऑनलाइन कंपनी. सगळ्या वाईट नसतात. काही कंपन्या विद्यापीठांना व्हिडिओ, ॲप, जाहिरात अशा सेवा पुरवतात, ते नियमात बसतं. पण विद्यापीठानं आपलं शिकवणं आणि पदवी फ्रँचायझीवर देणं हे नियमांत बसत नाही. यूजीसी आणि एआयसीटीईनं (तांत्रिक आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेनं) जानेवारी २०२२ मध्ये तसा इशाराही दिला होता. ओळखायचं कसं? पावती बघा. पैसे विद्यापीठाच्या खात्यात जातायत की कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेडच्या? पावतीवर नाव कुणाचं आहे? शिकवणाऱ्या प्राध्यापकांची नावं विद्यापीठाच्या पानावर आहेत की फक्त कंपनीच्या ब्रोशरमध्ये? एवढ्या तीन गोष्टी बघितल्या तरी बरंच कळतं. ‘दहा दिवसांत एमबीए’ असल्या जाहिरातींबद्दल तर २०२४ मध्ये यूजीसीला जाहीर सूचना काढावी लागली. तसलं काही व्हॉट्सॲपवर आलं तर पुढे न वाचता पुसून टाका.

‘नॅक ए प्लस प्लस’ हे अक्षर जाहिरातीत विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठं असतं. त्याचा अर्थ समजून घ्या. नॅक ही विद्यापीठांची तपासणी करून श्रेणी देणारी संस्था, ती चारपैकी गुण देत आली आहे: ३.०१ च्या पुढे ए, ३.२६ च्या पुढे ए प्लस, ३.५१ च्या पुढे ए प्लस प्लस. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचा तर नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या) यादीत पहिल्या शंभरात जागा, अशी साधारण पात्रता आहे. म्हणजे जे विद्यापीठ यादीत आलं ते ही चाळणी ओलांडूनच आलं. त्यापलीकडे ए आणि ए प्लस प्लसमधल्या फरकासाठी मी एक लाख जास्त मोजणार नाही. ते गुण सगळ्या विद्यापीठाचे असतात, तुमच्या ऑनलाइन वर्गाचे नव्हेत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी पथकातल्याच माणसांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयनं अटक केली, हेही लक्षात असू द्या.

एआयसीटीईचं नाव सगळीकडे दिसेल. अभिमत विद्यापीठ असेल किंवा एखादी स्वतंत्र संस्था पीजीडीएम देत असेल तर ती मान्यता आहे का ते बघाच. पीजीडीएम ही मॅनेजमेंटमधली पदविका आहे, पदवी नव्हे. चांगली संस्था असेल तर खासगी कंपनीत चालून जाते, पण तुमच्या कंपनीच्या धोरणात ‘एमबीए’ असा शब्द असेल तर एचआरला आधी ईमेल करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘चालेल रे’वर जाऊ नका. ते म्हणणारा माणूस दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत असतो.

आता पैशांचं. तुमचा नो कॉस्ट ईएमआय घ्या. ७,५०० गुणिले २४ बरोबर १ लाख ८० हजार. रोख भरणाऱ्याला १ लाख ६० हजार. मग वरचे वीस हजार कशाचे? व्याजाचेच. हिशोब केला तर वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडतं. पण खरी मेख व्याजात नाही. हा हप्ता विद्यापीठाचा नसतो, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं तुमच्या नावावर. दोन वर्षांची सगळी फी पहिल्याच दिवशी त्यांना पोचते आणि तुम्ही चोवीस महिने फेडत बसता. पहिल्या सेमिस्टरनंतर नाइट शिफ्ट लागली, घरात आजारपण आलं, कोर्स सोडला, तरी हप्ता सुटत नाही. चुकला की सिबिल खराब, आणि तुमच्या डोक्यावर आधीच घराचं कर्ज आहे. आमच्याच प्लँटमधल्या एका मुलाचं असं झालं. कोर्स तिसऱ्या महिन्यात सुटला, हप्ते दीड वर्ष चालू. तेव्हा फी सेमिस्टरनं भरता येते का, हे पहिल्यांदा विचारा. येत नसेल तर तो कोर्स सोडा.

माझा ठोकताळा असा: नोकरी टिकवून प्रमोशनसाठी एमबीए करायचं तर सगळा मिळून खर्च अडीच महिन्यांच्या हातातल्या पगारापलीकडे नको. तुमच्यासाठी साधारण एक लाख पाच हजार. प्रमोशननंतर हातात पाच-सहा हजार वाढले तरी दीड-पावणेदोन वर्षांत वसूल होतात. ‘सगळा मिळून’ म्हणजे नोंदणी, परीक्षा शुल्क, राहिलेल्या विषयाचं शुल्क, प्रोजेक्ट, पदवी प्रमाणपत्राची फी, सगळं. काही ठिकाणी जाहिरातीतल्या आकड्यात परीक्षा शुल्क धरलेलंच नसतं आणि ते दर विषयाला वेगळं असतं. एका कागदावर पूर्ण खर्च लिहून ईमेलनं मागा. जे देत नाहीत त्यांना राम राम.

कर्जाआधी आणखी एक दार वाजवा, तुमच्याच एचआरचं. बऱ्याच मोठ्या कारखान्यांत उच्च शिक्षणासाठी अर्धी-अधिक फी परत करायची योजना असते. ती इंट्रानेटवर कुठेतरी पडून असते आणि कोणी वाचत नाही. अटी बहुतेक अशा: प्रवेशाआधी मंजुरी, पास झाल्यावरच पैसे, पावती विद्यापीठाच्या नावाची, आणि वर्ष-दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड. प्रवेश घेऊन मग अर्ज केला तर उपयोग नाही. माझ्याकडे दरवर्षी दोघे-तिघे पावती घेऊन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. फार वाईट वाटतं.

मग एक लाखात काय मिळतं? इथे एक हट्ट सोडावा लागेल, ‘ऑनलाइन’ या शब्दाचा. नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्ही सारखेच. फरक असा की दूरस्थमध्ये पुस्तकं, अभ्यास केंद्र आणि बहुधा केंद्रावर जाऊन पेपर. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, ॲप आणि बहुतेकदा घरून परीक्षा. स्वस्तातलं आणि सरकारी नावाचं बरंचसं दूरस्थमध्ये सापडतं.

इग्नू हे माझं पहिलं नाव. १९८५ साली स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ. देशात कुठल्याही एचआरला समजावून सांगावं लागत नाही आणि सरकारी नोकरीतही कोणी प्रश्न विचारत नाही. एमबीए दूरस्थही आहे आणि ऑनलाइनही. दोन्हीकडे चार सेमिस्टरचा खर्च साठ-पासष्ट हजारांच्या घरात, आणि दोन वर्षांत जमलं नाही तर चार वर्षांपर्यंत मुदत. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ही मुदत सोन्यासारखी. पुण्यात त्यांचं क्षेत्रीय केंद्रही आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुक्त अध्ययन प्रशालेचं एमबीए आहे. पुण्याच्या पट्ट्यात या नावाला वजन आहे हे काही मी तुम्हाला सांगायला नको. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’वालं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्याची अभ्यास केंद्रं सगळ्यांत जवळची पडतात. या तिन्हींपैकी तुमच्या सत्राला डीईबीच्या यादीत जे आहे त्यातून निवडा. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं इग्नू, दुसरं पुणे विद्यापीठ.

सरकारी व्यवस्थेकडून काय अपेक्षा ठेवू नये तेही सांगतो. कोणी रोज फोन करून ‘सर, असाइनमेंट राहिली’ म्हणणार नाही. तुम्ही फोन केलात तर तो उचलला जाईलच असंही नाही. तारखा स्वतः बघायच्या, पावत्या स्वतः जपायच्या, निकालात काही राहिलं तर अर्ज घेऊन स्वतः जायचं. खासगी विद्यापीठांत दीड ते सव्वादोन लाख मोजता त्यातला मोठा भाग याच सेवेचा असतो: बरं ॲप, रेकॉर्ड केलेले वर्ग, आठवण करून देणारा माणूस. ज्याला असा धक्का दिल्याशिवाय अभ्यास होत नाही, त्यानं ते पैसे मोजले तर मी चूक म्हणणार नाही. पण तुम्ही नोकरी करत बी.ई. केलंय. तुम्हाला कोणी उठवायची गरज दिसत नाही.

आयआयएमचं नाव मोठं, ऑनलाइन कार्यक्रमही आहेत. २०१७ च्या कायद्यानंतर त्यांना स्वतःची पदवी देता येऊ लागली. पण त्यांच्या नावानं जे एक-दीड लाखाचे कोर्स दिसतात ते प्रमाणपत्राचे असतात, एमबीए नव्हेत. पदवीचे जे आहेत ते बहुतेक दहा लाखांच्या पुढे आणि अनुभवाची अट घालणारे. मॅनेजर झाल्यावर, कंपनी पैसे देत असेल तर जरूर बघा. परदेशी विद्यापीठांची ऑनलाइन एमबीए सध्या तुमच्या हिशोबात बसत नाहीत. उलट, पुढे आखातात किंवा कॅनडात जायचा विचार असेल तर इथली ऑनलाइन पदवी तिथे कशी मोजतात, हे तिथल्या मूल्यांकन संस्थेला प्रवेशाआधीच विचारून ठेवा.

अभ्यासाचं थोडंसं. आठवड्याला दहा तास धरा. दुसरी पाळी संपवून मोशीला पोचेपर्यंत बारा वाजतात, त्यानंतर अभ्यास होत नाही; तो सकाळीच होतो. सेमिस्टरच्या परीक्षा आणि तुमच्या प्लँटचं वार्षिक ऑडिट एकाच महिन्यात येत नाही ना, ते कॅलेंडर समोर ठेवून बघा. घरून परीक्षा म्हणजे सोपी असा समज करून घेऊ नका. कॅमेरा आधी सगळी खोली फिरवून दाखवायला लावतो, मग नजर जराशी हलली तरी इशारा येतो, आणि वन बीएचकेत तीन वर्षांची पोर दार ढकलून ‘बाबा’ म्हणत आत येते. आमच्याकडच्या एकाला मी रविवारी ट्रेनिंग रूम उघडून दिली होती. इन्व्हर्टर, लॅनची वायर आणि बाहेर सिक्युरिटीचा माणूस. ‘साहेब, पेपर सोपा गेला, खोली मिळाली म्हणून,’ असं तो म्हणाला. तुम्हीही विचारून बघा, नाही म्हणणार नाहीत. अंतर्गत गुण जास्तीत जास्त ३० टक्के, बाकीचे ७० परीक्षेचे असतात. ‘असाइनमेंटवरच पास करतात’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

इंजिनिअरची गाडी बहुधा अकाउंट्सवर अडते. डेबिट-क्रेडिट कधी पाहिलेलं नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी एक चाचणी घ्या. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर फायनान्शियल अकाउंटिंगचा एखादा कोर्स फुकट लावा. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या) कोर्सला ती हजार रुपये असते. आठ-बारा आठवडे टिकलात, असाइनमेंट वेळेत दिल्यात, तर एमबीए होईल. तिसऱ्या आठवड्यातच सुटलं तर तुमचे लाखभर रुपये वाचले आणि हे कोणाला कळलंही नाही.

स्पेशलायझेशनबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. क्वालिटीतला माणूस हमखास ऑपरेशन्स घेतो, कारण सोपं जातं. मी म्हणेन फायनान्स घ्या. ऑपरेशन्स तुम्ही रोज करताय, ते शिकवायला आलेल्याला तुम्हीच दोन गोष्टी सांगाल. पण कॉस्ट ऑफ पुअर क्वालिटीचा, म्हणजे खराब मालामुळे होणाऱ्या नुकसानीचा, आकडा प्लँट हेडसमोर रुपयांत मांडता येणारा क्वालिटीवाला मला २२ वर्षांत मोजकाच भेटला. ‘ड्युअल स्पेशलायझेशन’ला, म्हणजे एकदम दोन विषयांना, भुलू नका. त्याचे जादा पैसे घेत असतील तर मुळीच नाही.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. एमबीएची पुस्तकं इंग्रजीत असतात, पण ते इंग्रजी कादंबरीचं नसतं. तेच दोनशे-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. पहिल्या सेमिस्टरला दर धड्यातले नवे शब्द वहीत मराठी अर्थासकट लिहा. दुसऱ्या सेमिस्टरला वही आपोआप बंद पडेल. आणि कस्टमर कम्प्लेंट आली की एट-डी रिपोर्ट तुम्ही कोणत्या भाषेत लिहिता? मूळ कारण काय, तात्पुरता उपाय काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सगळं इंग्रजीत लिहून तुम्ही जपानी कस्टमरकडून मंजूर करून घेत असाल. एमबीएच्या केस स्टडीचं उत्तरही असंच लिहायचं असतं. तिथे फक्त रिजेक्ट झालेला पार्ट टेबलावर ठेवावा लागत नाही.